पिशवीकडून गव्हाणीकडे

भोपाळमध्ये उजाडण्याआधीच दुधाच्या दोन वाटा जाग्या होतात. पहिली हबीबगंजच्या दूध संघातून निघते. जाळीदार क्रेटमध्ये रचलेल्या 'सांची'च्या पिशव्या टेम्पोतून अरेरा कॉलनी, कोलार, पिपलानी, बैरागढ इथल्या पार्लरवर उतरतात. दुसरी वाट बैरसिया, सीहोर आणि रायसेनच्या रस्त्यांनी शहरात येते. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना कॅन लटकवलेले असतात, आणि दारात उभे राहून मापाने रतीब घातला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली. या घरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला आता दोन्ही वाटा सारख्याच ओळखीच्या आहेत. चहाला पिशवी आणि विरजणाला म्हशीचे रतिबाचे दूध, अशी वाटणी अनेकांनी केलेली असते.

दुग्धव्यवसायाची ओळख करून देणारी बहुतेक पुस्तके जनावरांच्या जातींपासून सुरू होतात. गीर कशी असते, मुऱ्हाची शिंगे कशी वळतात, जर्सीचा रंग कोणता, हे सगळे पहिल्या प्रकरणात येते. वाचकाच्या मनात मग एक समज घट्ट बसतो की चांगली जात विकत आणली की दूध सुरू होते. या समजाने अनेक तरुणांची कर्जे बुडवली आहेत. म्हणून ही प्रस्तावना उलट्या दिशेने चालते. ती स्वयंपाकघरातल्या पिशवीपासून निघते आणि मागे मागे जात संकलन केंद्र, कास, गव्हाण आणि शेवटी वासरापर्यंत पोचते. जसजसे मागे जावे तसतसे दिसते की धार काढण्याच्या वेळी जे भांड्यात पडते त्याचा निकाल फार आधी लागलेला असतो.

पिशवीवर छापलेले दोन आकडे ही या प्रवासाची पहिली खूण. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असावे लागतात. प्रमाणित दुधात हे आकडे ४.५ आणि ८.५, तर टोन्ड दुधात ३ आणि ८.५ असतात. पहिल्या आकड्याला दूध धंद्यात सगळे 'फॅट' म्हणतात, दुसऱ्याला 'एसएनएफ'. टोन्ड दूध म्हणजे पाणी घातलेले दूध, असे अजून बऱ्याच घरांत मानले जाते. खरी हकीकत मुंबईची आहे. दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात मुंबईच्या दूध योजनेत हा प्रकार आणला. म्हशीच्या दाट दुधात मलईरहित दुधाची भुकटी आणि पाणी योग्य प्रमाणात मिसळून कमी स्निग्धांशाचे, पण प्रथिने आणि कॅल्शियम जवळपास तेवढेच असलेले दूध तयार झाले. ते गरिबाला परवडेल, हा त्यामागचा हेतू होता. त्याच खुरोडींच्या काळात, १९४९ मध्ये, मुंबईतले गोठे शहराबाहेर नेण्यासाठी आरे वसाहत उभी राहिली.

'सांची' हे नाव भोपाळपासून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या स्तूपाच्या गावावरून आले. सुजातेने दिलेल्या खिरीची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या कोणालाही दुधासाठी हे नाव गोड वाटेल. मध्य प्रदेशचा सहकारी दूध महासंघ १९८० मध्ये स्थापन झाला, तो दूध महापूर योजनेच्या काळात. ही योजना राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९७० मध्ये सुरू केली. त्या मंडळामागे आणंदचा अनुभव होता. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ काढला आणि पुढे वर्गीज कुरियन यांनी तो देशाला दाखवण्याजोगा केला. महाराष्ट्रातल्या वारणेने आणि कोल्हापूरच्या गोकुळने हाच धडा आपापल्या मातीत गिरवला. १९५०-५१ मध्ये देशात वर्षाला सुमारे १ कोटी ७० लाख टन दूध होत असे. २०२३-२४ मध्ये ते २३ कोटी ९३ लाख टनांवर गेले. त्यात मध्य प्रदेशाचा वाटा ८.९१ टक्के होता. उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्यानंतर तिसरा क्रमांक या राज्याचा लागतो. महाराष्ट्र पाचव्या क्रमांकावर आहे.

हा तिसरा क्रमांक नीट पाहायला हवा. २०१९ च्या पशुगणनेत मध्य प्रदेशात १ कोटी ८७ लाख गोवंश आणि १ कोटीहून अधिक म्हशी मोजल्या गेल्या. जनावरे उदंड आहेत, पण प्रत्येकीमागे दूध थोडे आहे. देशभरचा अनुभव असा की गावठी गाय दिवसाला सरासरी तीन-चार लिटरच्या आसपास राहते आणि संकरित गाय आठ-नऊ लिटरपर्यंत जाते. या राज्याचा प्रश्न जनावरांच्या संख्येचा नाही. आहे त्या जनावरापर्यंत काय पोचते, हा प्रश्न आहे.

पिशवीच्या मागे उभी असते थंडी. दूध कासेतून बाहेर येते तेव्हा जनावराच्या अंगाइतके, म्हणजे अडतीस अंशांच्या जवळपास गरम असते. जंतूंना हीच ऊब हवी असते. वीस मिनिटांना दुप्पट या वेगाने ते वाढू लागले तर तीन तासांत एकाचे पाचशे बारा होतात. मे महिन्यात भोपाळचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हा गावातून शहरात येणारा कॅन म्हणजे चाकांवरचे जंतूंचे शेतच. म्हणून गावातल्या केंद्रावर मोठे शीतक बसवतात आणि दूध चार अंशांपर्यंत उतरवतात. कारखान्यात ते ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच पुन्हा थंड केले जाते. यालाच पाश्चरीकरण म्हणतात. त्याने रोगजंतू मरतात, पण आधी वाढलेल्या जंतूंनी बिघडवलेली चव परत येत नाही. सकाळच्या दुधात संध्याकाळचे कोमट दूध ओतणारा एक उत्पादक सगळ्या गावाचे दूध नासवू शकतो.

भोपाळ दूध संघाच्या गाड्या सीहोर, विदिशा, रायसेन, राजगढ, नर्मदापुरम, बैतूलपर्यंत फिरतात. बैतूल जिल्ह्यात मुलताईला तापीचा उगम आहे आणि तिथल्या बऱ्याच घरांत मराठी बोलली जाते. एखाद्या गावच्या दूध समितीत सकाळी सहाला उभे राहिले की हा व्यवसाय समजायला सोपा जातो. रांगेत बरण्या, किटल्या आणि बादल्या असतात. प्रत्येकाच्या दुधाचा छोटा नमुना यंत्रात जातो, पडद्यावर फॅट आणि एसएनएफ उमटतात आणि त्याप्रमाणे भाव ठरतो. हे यंत्र नव्हते तेव्हा गर्बर चाचणी होत असे. नळीत दूध आणि गंधकाम्ल घालून ती फिरवायची आणि वर आलेला स्निग्धांशाचा थर मोजायचा. फॅटवर भाव देण्याच्या या पद्धतीने एक मोठे काम केले, ते म्हणजे पाणी मिसळण्याचा फायदा संपवला. त्याहून मोठे काम असे की बाईच्या हातच्या दुधाचा आकडा कागदावर आला. जनावराचे बहुतेक काम घरातल्या बायका करतात आणि पासबुक मात्र पुरुषाच्या नावावर असते, हे चित्र अजूनही पुष्कळ गावांत आहे. ते बदलायला हवे.

भेसळीबद्दल इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुलै २०१९ मध्ये भिंड-मुरैना भागात कृत्रिम दूध बनवणारे कारखाने पकडले गेले आणि राज्यभर संतापाची लाट उसळली. तो संताप योग्यच होता. त्याच वर्षी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ६,४३२ नमुन्यांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात आरोग्याला घातक अशी भेसळ फक्त १२ नमुन्यांत सापडली, पण अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा अधिक निघाले. हे विष कोणी दुधात टाकत नाही. ओल लागून बुरशी आलेली पेंड, मका किंवा भरडा जनावराने खाल्ला की ते यकृतातून दुधात उतरते, आणि उकळूनही जात नाही. म्हणजे दुधाच्या शुद्धतेची मोठी लढाई पोलिसांच्या छाप्यात नसून पेंडीचे पोते कुठे ठेवले यात आहे. ते लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, पावसाच्या झडीपासून दूर असायला हवे. ज्याच्या गोठ्यात ही फळी नाही त्याच्या दुधाची खात्री कोणतीही पिशवी देऊ शकत नाही.

आता कासेपाशी. एक लिटर दूध तयार व्हायला चारशे-पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावे लागते. कास ही दुधाची नुसती पिशवी नव्हे, ती दिवसरात्र चालणारी गिरणी आहे. दूध तिथे साठलेले असले तरी सहज खाली येत नाही. जनावराने पान्हा सोडावा लागतो. वासराची ढुशी, ओळखीचा हात, बादलीचा आवाज, कोमट पाण्याने सड धुणे, यांतून मेंदूला खूण मिळते आणि एक संप्रेरक रक्तात उतरते. त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात धार पुरी व्हायला हवी. याच वेळी कोणी जनावराला दांडका दाखवला, अनोळखी माणूस गोठ्यात शिरला किंवा कुत्रे भुंकले, की भीतीचे संप्रेरक पान्हा चोरते. जुन्या गवळणी धार काढताना जनावराशी बोलत असत, पाठीवरून हात फिरवत असत. त्या हातांना हे शास्त्र पुरते ठाऊक होते. सुई टोचून पान्हा आणणे हा या व्यवसायातला क्रूर आणि बेकायदा मार्ग आहे. तो धरणाऱ्याने जनावर पाळू नये.

कासदाह, म्हणजे गावच्या भाषेतली दगडी, हा दुधाच्या धंद्यातला सर्वांत महाग रोग. तो टाळण्याची एक युक्ती बिनपैशाची आहे. धार काढल्यावर सडाचे तोंड अर्धा तास उघडे राहते. या वेळात जनावर शेणात बसले की जंतू आत शिरतात. म्हणून धार काढल्याबरोबर गव्हाणीत वैरण टाकायची. जनावर उभे राहून खात राहते आणि तेवढ्यात सडाचे तोंड मिटते. सड जंतुनाशकात बुडवले तर आणखी चांगले. एखाद्या गोठ्यात वैरणीची वेळ नेमकी कोणती आहे, एवढे पाहूनही तिथला माणूस शिकलेला आहे की नाही ते कळते.

इथून पुढे गव्हाण येते, आणि या पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

गाय-म्हशीच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे एक मोठी नांद आहे, आणि तिच्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. माणसाला न पचणारा भुसा आणि कडबा हे सूक्ष्मजीव आंबवतात. जनावर रोज सात-आठ तास रवंथ करते, ते या नांदेला ढवळण्यासाठीच. धाग्यांच्या आंबण्यातून जे आम्ल तयार होते त्यापासून दुधातला स्निग्धांश बनतो. म्हणून नुसता भरडा आणि पेंड चारून वैरण कमी केली तर दूध पातळ होते आणि फॅट पडते. शेतकरी पेंड वाढवतो, खर्च वाढतो, फॅट आणखी घसरते. पैशाने पोट बिघडवण्याचा हा प्रकार अगदी नेहमीचा आहे. दुधाच्या एकूण खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा चाऱ्याचा असतो, म्हणजे नफा-तोट्याचा निकाल या नांदेतच लागतो.

हिशेब फार अवघड नाही. पाचशे किलो वजनाच्या, दिवसाला आठ लिटर दूध देणाऱ्या म्हशीला साधारण वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो सुकी वैरण आणि साडेपाच-सहा किलो आंबोण (भरडा आणि पेंडीचे मिश्रण) लागते. त्यातले दीड-दोन किलो आंबोण तिच्या स्वतःच्या देहासाठी आणि उरलेले प्रत्येक दोन लिटर दुधामागे एक किलो या मापाने. सोबत पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडे मीठ. आणि पाणी. दुधात सत्याऐंशी टक्क्यांपर्यंत पाणीच असते, तरी अनेक गोठ्यांत जनावराला दिवसातून दोनदाच पाणी दाखवले जाते. चोवीस तास समोर पाणी ठेवले तर पेंडीचा दाणाही न वाढवता दूध वाढलेले दिसते.

भोपाळच्या आसपास चारा आहे की नाही? भरपूर आहे. सीहोर आणि विदिशाचा शरबती गहू पोळीसाठी देशभर मागितला जातो. त्या गव्हाबरोबर डोंगरभर भुसाही तयार होतो. सोयाबीनचे तर हे माहेर. तेल काढून उरलेल्या सोयापेंडीत पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. ऑक्टोबरात पेरलेला बरसीम एप्रिलपर्यंत कापण्या देत राहतो. फक्त तो एकटा चारला तर पोट फुगते, भुशात मिसळून द्यावा लागतो. एवढे सगळे असताना जून-जुलैत याच भागातली जनावरे बरगड्या मोजता येतील अशी दिसतात.

कारण शेतात दिसते. गहू हार्वेस्टरने कापला की बुंधे उभे राहतात. इथे त्याला नरवाई म्हणतात. नर्मदापुरम, हरदा, सीहोरकडे गव्हानंतर लगेच उन्हाळी मूग पेरायचा असतो, हाताशी दिवस थोडे असतात, म्हणून नरवाईला काडी लावली जाते. एप्रिलच्या रात्री त्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना लाल रेघा पेटलेल्या दिसतात. जळतो तो भुसा, म्हणजे दोन महिन्यांनी याच गावात चढ्या भावाने विकत घ्यावी लागणारी वैरण. २०२५ मध्ये राज्य सरकारने ठरवले की नरवाई जाळणाऱ्या शेतकऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ मिळणार नाही. दंडाने आग कदाचित थांबेल. पण भुसा गोळा करणारे यंत्र वेळेवर बांधावर आले नाही, तर दंडाच्या भीतीने शेतकरी फक्त हवालदिल होईल. शेतीच्या अवजारांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था भोपाळच्याच नबीबागेत १९७६ पासून उभी आहे. गावागावांत भुशाच्या यंत्रांची भाड्याची सोय करणे हे दूध समित्यांचे काम मानले पाहिजे, असे या प्रस्तावनेचे ठाम मत आहे.

गव्हाच्या भुशात प्रथिने जेमतेम तीन टक्के असतात, त्यामुळे तो पोट भरतो पण पोसत नाही. त्यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे. शंभर किलो भुशावर चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवलेला चार किलो युरिया थराथराने शिंपडायचा, दाबून, झाकून एकवीस दिवस ठेवायचा. भुसा मऊ होतो, पचतो आणि प्रथिनांचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. सहा महिन्यांखालील वासराला तो द्यायचा नाही, आणि युरिया कधीही तसाच पाण्यात घालून पाजायचा नाही. तो विषासारखा मारतो. मुरघास ही दुसरी वाट. दाण्यात चीक भरलेला मका कुट्टी करून हवाबंद दाबला की पंचेचाळीस दिवसांत आंबूस वासाचा, वर्षभर टिकणारा हिरवा चारा तयार होतो. महाराष्ट्रात सांगली-सोलापूरकडे मुरघासाच्या पिशव्या आता गावोगाव दिसतात. भोपाळच्या आसपास तो प्रसार अजून व्हायचा आहे.

गव्हाणीनंतर दिनदर्शिका. दुग्धव्यवसाय शिकू पाहणाऱ्याला बहुतेकदा विचारले जाते, 'गाय किती देते?' खरा प्रश्न असा, 'किती दिवसांनी विते?' समजा एखादी म्हैस एका वेतात तीनशे दिवस सरासरी आठ लिटर देते, म्हणजे एकूण २,४०० लिटर. ती चौदा महिन्यांनी पुन्हा व्यायली तर गोठ्यातल्या प्रत्येक दिवसामागे साडेपाच लिटरहून अधिक दूध पडते. अठरा महिने लागले तर तेच साडेचारच्याही खाली जाते. खाणे मात्र रोजचे आहे. भाकड दिवसांत खाल्लेला प्रत्येक भारा दुभत्या दिवसांच्या कमाईतून जातो. म्हणून माज ओळखणे हे या धंद्यातले सर्वांत मोलाचे कौशल्य. माज एकवीस दिवसांनी येतो आणि काही तासांतच ओसरतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी भरवायचे. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो. ती हंबरत नाही, फक्त सोट (चिकट स्राव) टाकते. पहाटे आणि रात्री गोठ्यात कंदील घेऊन फिरणाऱ्यालाच तो दिसतो. एक माज हुकला की एकवीस दिवसांचा चारा वाया. गाय नऊ महिने नऊ दिवसांच्या आसपास आणि म्हैस दहा महिन्यांहून थोडी अधिक गाभण राहते. विण्याआधी दोन महिने तिला आटवायचे असते, नाहीतर पुढच्या वेतात कास भरत नाही.

जातींचा विषय आता यावा. भोपाळच्या पश्चिमेची मालवी गाय मुळात ओढकामाची, राखाडी अंगाची आणि काटक. तिच्याकडून दुधाची अपेक्षा थोडकीच ठेवावी. चंबळकाठची भदावरी म्हैस दूध कमी देते, पण तिच्या दुधात तुपाचे प्रमाण देशात सर्वाधिक मानले जाते. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपासून वर्ध्यापर्यंत पसरलेली गवळाऊ ही मध्य प्रदेश आणि विदर्भाची सामाईक गाय. वर्ध्यात १९४१ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने गोसेवा संघ निघाला आणि जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने त्या कामाला वाहिले. त्या परंपरेतला वर्ध्याचा गोरसपाक आजही प्रवासी आवर्जून घेऊन जातात. भोपाळकडचा डेअरीवाला मात्र हरियाणातून मुऱ्हा आणतो. ती आणताना एक नियम पाळला तर बराच पश्चात्ताप टळतो. लागोपाठ तीन धारा स्वतः समोर उभे राहून काढून घ्याव्यात. विक्रेता एक वेळची धार तुंबवून दुसऱ्या वेळी बादली भरून दाखवू शकतो. तिसऱ्या धारेला ते साधत नाही.

रोगांबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण असल्याने इथे थोडकेच. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी, पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या, चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेलाची एकच लस, हे वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवावे. भोपाळच्या आनंदनगरमध्ये पशुरोगांवरची देशातली अतिसुरक्षित प्रयोगशाळा आहे. २०१९ मध्ये ओडिशात लम्पी त्वचारोग भारतात पहिल्यांदा आढळला, तेव्हा त्याचे निदान इथल्या शास्त्रज्ञांनी केले. तीन वर्षांनी तोच रोग पश्चिम आणि मध्य भारतभर पसरला, तोवर त्याची ओळख पटलेली होती. जनावरांच्या बाबतीत या शहराची एक आठवण दुखरी आहे. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री विषारी वायूच्या गळतीत माणसांबरोबर दावणीला बांधलेल्या गाई-म्हशीही मेल्या. माणसे जीव घेऊन पळू तरी शकली. दावे सुटले नाही तिथे जनावर जागीच राहिले. दुधावर जगणाऱ्या कुटुंबांचे त्या रात्री दुहेरी नुकसान झाले, आणि गोठा वस्तीत असावा की बाहेर, ही चर्चा भोपाळमध्ये नुसती स्वच्छतेची राहिली नाही.

प्रवासाच्या शेवटी उभे आहे वासरू. गाय-म्हशीच्या वासराला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती चिकातूनच मिळते, आणि ती चिकातून थेट रक्तात घेण्याची आतड्यांची क्षमता चोवीस तासांत संपते. म्हणून व्यायल्यावर पहिल्या तासाभरात वासराला चीक पाजावा, दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. अनेक गोठ्यांत वार पडेपर्यंत वासराला दूर ठेवतात. हा रिवाज हजारो वासरांचा जीव घेतो. उलट वासरू सडाला लागले की वार पडायला मदतच होते. खरवसावर मराठी माणसाचा जीव आहे, तो असू द्यावा. पण पहिली धार वासराची आणि त्याची गरज भागल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस. दहाव्या-पंधराव्या दिवशी जंताचे औषध द्यावे, कारण म्हशीच्या पारडाला आईच्या दुधातूनच जंत मिळतात. पारडू मेले की म्हैस पान्हा चोरते, माणूस सुईकडे वळतो आणि मागे सांगितलेली सगळी साखळी बिघडू लागते. पारडे वाचवणे हा दयेचा भाग आहेच, पण तो दुधाच्या हिशेबाचाही भाग आहे.

१३ एप्रिल २०२५ रोजी भोपाळमध्ये राज्याच्या सहकारी दूध महासंघाने आणि त्याच्या सहा दूध संघांनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाशी करार केला. देशाच्या दुधातला मध्य प्रदेशाचा वाटा नऊ टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर न्यायचा, असे सरकारने जाहीर केले आहे. पंचवीस दुभत्या जनावरांच्या गोठ्यासाठी अनुदान देणारी कामधेनू योजनाही त्याच महिन्यात आली. या योजनांच्या भरवशावर अनेक तरुण या धंद्यात उतरतील, आणि हे पुस्तक मुख्यतः त्यांच्या हाती पडावे. त्यांना एकच विनंती आहे. पंचवीस जनावरे आणण्याआधी पंचवीस जनावरांचा वर्षाचा चारा कुठून येणार ते कागदावर मांडावे, आणि तो आकडा जुळेपर्यंत पहिली पाच जनावरेच बांधावीत.

भदभद्याच्या वीर्य केंद्रात निवडक वळूंच्या रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या जातात. लिंगनिश्चित केलेल्या मात्रेतून दहापैकी नऊ वेळा कालवडच होईल, इथवर तंत्र पोचले आहे. तिथून आज निघालेल्या कांडीने गाय फळली, तर कालवड नऊ महिन्यांनी जन्मेल, आणि तिला चांगले पोसले तर ती तीस-बत्तीस महिन्यांची झाल्यावर पहिल्यांदा विईल. म्हणजे तिच्या दुधाची पहिली धार हबीबगंजला पोचायला जवळपास साडेतीन वर्षे आहेत. तिला लागणारा भुसा मात्र येत्या चैत्रात शेतातून उचलावा लागेल.